इतर मार्गांनी मिळालेलं

खेतवाडीत, पोटमाळ्यावरच्या माझ्या ऑफिसात
जुलै संपायला तीन दिवस असताना
शालन विजयकर आल्या.
जिन्याच्या पायऱ्या मोजत चढल्या, मला वर ऐकू येत होतं.
एकोणीस, म्हणाल्या, आणि बसल्या.

साडीच्या दुकानाच्या पिशवीतून पेन्शनचं पासबुक,
आणि पणजीचा एक कागद,
नदीत उभ्या असलेल्या बोटीवरचा.
जिंकलेले एक लाख साठ हजार.
कापलेले अठ्ठेचाळीस.
"हे कापलं कोणी?"
कॅसिनोनं. सरकारच्या वतीनं. तुमच्या हातात यायच्या आधीच.
"माझी पेन्शन तर कराच्या पायरीखाली आहे."
आहे. पण जुगाराला पायरीच नाही, बाई,
पहिल्या रुपयापासून तीस टक्के.
वर सेस, आरोग्य आणि शिक्षणाचा,
एक हजार नऊशे वीस अजून भरायचे.
"शिक्षणाचा," त्या म्हणाल्या
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

मग पिशवीच्या तळातून वही निघाली.
जूनच्या फेरीत बावीस हजार गेले.
ऑगस्टमध्ये एक्कावन्न.
दिवाळीनंतर अडतीस (रात्रीच्या बसनं परत, कंबर धरली).
फेब्रुवारीत एका बैठकीत लाख.
बेरजेखाली दोन रेघा:
दोन लाख अकरा हजार.
"हे वजा करा."

होत नाही.
दुकानदाराचा तोटा होतो, पुढच्या आठ वर्षांवर ढकलताही येतो,
शेअरवाल्याचा होतो,
जुगारातली हार बसेल असा रकानाच नाही.
बोटीपर्यंतचं बसभाडंसुद्धा नाही.
कायद्याला तुमची एकच रात्र माहीत आहे,
ज्या रात्री गोटी सतरावर थांबली.

"सतराच का, विचारा."
मी विचारलं नव्हतं. खाली कोणीतरी
लोखंडी कपाट ओढत होतं, फरशीवरून, थांबत थांबत.
"ट्रंक बोर्डावर माझी खुर्ची सतरा नंबरची.
नागपूर, इंदूर, रात्रपाळीला दुबई.
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या.
शंभर वेळा लावावं तेव्हा
पलीकडे एखादा हॅलो म्हणायचा."

मी वही मिटून परत देऊ लागलो.
त्यांनी घेतली नाही.
"न लागलेल्या कॉलचं
आम्हीसुद्धा बिल नव्हतो हो करत," त्या म्हणाल्या.
"लागला की मिनिटं मोजायची.
नव्व्याण्णव वेळा बोटं दुखली
ती कुठल्या रजिस्टरात होती?
बरोबर आहे तुमच्या खात्याचं."

माझं खातं नाही ते, मी म्हणणार होतो.
वीस वर्षं मी लोकांना हाच नियम समजावतोय,
रागावलेल्यांना, रडणाऱ्यांना,
एकदा एका हिरे दलालाला, ज्यानं माझा पंखा बंद केला रागानं.
असा तो कोणी मला समजावला नव्हता.

एक हजार नऊशे वीस त्यांनी रोख मोजून ठेवले.
मी चलन भरलं, रिटर्न भरलं,
'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' यापुढे
त्यांची ती एकच रात्र टाकली.
त्यांच्या फोनवर सहा आकडे आले.

त्या ताठ बसल्या.
आवाज बदलला. सत्तरीतल्या बाईचा नव्हता तो,
लांबच्या तारेवरून येणारा, स्वच्छ, कोणाचाच नसलेला:
"चार. शून्य. शून्य.
नऊ. एक.
सात."

पडद्यावर चक्र फिरत राहिलं.
इंटरनेट नेहमीसारखंच.
वही अजून माझ्या हातात होती.

"लागला?"

थांबा, मी म्हटलं.

त्या थांबल्या,
थांबायची सवय असलेल्या माणसासारख्या.

लागला, बाई. बोला.