एक मिनिट

विडी घरकुलात, सी ग्रुपच्या समाजमंदिरात
टेबलाला दोन चादरींचा आडोसा.
एकीवर मोर, दुसरी उलटी लागलेली.
व्हिनेगरचा वास चायनीजच्या गाडीसारखा,
म्हणून रांगेतल्या पोरी हसतात.

नरसव्वा गुंडेटी. वय
कार्डावर त्रेपन्न, तोंडी छप्पन्न.
"सूप बाहेर ठेवू का, सिस्टर? पानं वाळतील."
सूप आतच घेतलं, स्टुलाखाली.

ट्रेनिंगला सांगितलं होतं,
झांबियातल्या नर्सही असाच बोळा लावतात,
असाच टॉर्च धरतात
आणि एक मिनिट थांबतात.
त्या मिनिटात तिकडच्या बाया काय करतात
ते कुणी सांगितलं नव्हतं.

नरसव्वाची बोटं हवेत वळत होती.
पान, चिमूट, गुंडाळी, तोंड मुडपून दोरा.
ओकटी. रेंडु.
"अडीच झाल्या," ती छताला म्हणाली,
"पूर्वी तीन व्हायच्या."

तेवढ्यात पांढरं उमटलं.
तांदळाच्या कणीएवढं.
फॉर्मवर घड्याळासारखा गोल असतो,
त्यात दोनच्या जागी मी रेघ मारली.
बोलले काहीच नाही.

"बार्शीला जावं लागंल नव्हं?"
कुणी सांगितलं तुम्हाला?
"तुमचा हात थांबला की."

लुगडं सारखं करत तिनं हिशेब मांडला:
एक दिवस म्हणजे हजार विड्या,
सुनेच्या हाताला अजून सफाई नाही.

मंगळवारी जाऊ, मी म्हटलं, मी येते सोबत.

"एसटीत सूप घेऊ देतात का?"

देतात, म्हटलं.
कंडक्टरला विचारायला हवं.