पानी उनं

आमच्या घरी पाण्याला कुणी हात लावायचा नाही.
प्यायच्या नव्हे, शेताच्या.

पांझरेवर दगडी बांध, बांधातून पाट,
पाटातून चाऱ्या, आणि चारीच्या तोंडाशी
फावडं खांद्यावर टाकलेला उखा बारेकरी.
कुणाच्या वाफ्यात पाणी किती वेळ थांबेल
हे तो चिखलाच्या एका ढेकळाने ठरवायचा.
वडील, चैत्राम दोधू, तीन फडांत मिळून पावणेसहा बिघ्यांचे धनी,
बांधावर उभे राहून नुसते बघायचे,
मुलीच्या लग्नात बाप जेवणाच्या पंगतीकडे बघतो तसे.

सगळ्यांचा गहू एका फडात, सगळ्यांचा ऊस एका फडात.
हरभरा पेरावा असं आपल्या मनात येऊन उपयोग नाही,
फडाच्या मनात यायला हवं.

पहाटे दादरच्या भाकरीची थाप ऐकून
गोठ्यात मोरक्या आपणहून उठायचा.
चांद्या आळशी, त्याची शेपटी पिळावी लागे.
मी शेण भरायची, भाऊ कडबा तोडायचा,
कुऱ्हाड आणि थाप कधीच एका ठेक्यात पडली नाहीत.
मग फडक्यात भाकरी, लसणाची चटणी, कांदा,
आणि एक भाकरी जास्तीची.
ज्याच्या शेतात पाणी, त्याच्या घरची भाकरी उखाला.
असं कुठं लिहिलेलं नव्हतं,
पण पाण्याच्या आधी भाकरी पोचायची.

रात्रीची पाळी असली की तो दाराची कडी वाजवत नसे.
ओट्याला काठी टेकवायचा, दोनदा.
"चैत्रामभाऊ, पानी उनं."
वडील कंदील घ्यायचे, मी त्यांच्या घोंगडीचं टोक.
अंधारात पाणी दिसत नाही, ऐकू येतं.
कोरडी जमीन पिते तेव्हा
म्हातारं माणूस चहा पितं तसा आवाज होतो.

त्या फाल्गुनात पाट बोटभर वाहत होता.
उसाच्या कडेला आईने बारा मिरच्या लावलेल्या,
फडाच्या हिशेबात न बसणाऱ्या.
त्या माना टाकून उभ्या.
वडील पिंपळनेरला सोयरिकीला गेलेले.
मी नऊ वर्षांची. भर दुपारी एकटी गेले,
राजधर अप्पाच्या उसाकडे जाणाऱ्या चारीत
ओंजळभर चिखल लावला,
आणि पाणी वळलं.
इतकं सोपं असतं ते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मिरच्यांनी माना वर केल्या की नाही, आठवत नाही.
भीतीने मी उसात बसून राहिले. पाती गालाला कापत होती.
उखा आला. वाकला. चिखल काढून
होता तिथे थापला.
मग चारीच्या काठावरच्या माझ्या पावलांकडे
बराच वेळ बघत राहिला.
आणि आपल्या भेगाळल्या टाचेने
एकेक पाऊल पुसत गेला,
अंगण सारवावं तसं, मागे सरत सरत.
उसाकडे न बघता म्हणाला,
"ते आपलं नही माय, फडनं शे."

आईने संध्याकाळी माझे पाय धुतले.
नखांतला चिखल काडीने काढला.
कुठे गेली होतीस, विचारलं नाही.

पुढे गावात विहिरी झाल्या.
आमचीही झाली, सात परस.
बटण दाबलं की पाणी, आपलं, रात्री दोनला, पहाटे चारला,
कुणाची भाकरी न बांधता.
पाटातला गाळ काढायला आधी निम्मं गाव यायचं,
मग दहा माणसं, मग नुसता उखा.
एका वर्षी तोही आला नाही,
मुलाकडे सुरतेला गेला म्हणे.
भावाने चारी नांगरून घेतली,
दीड सरी जास्त निघाली.

पण हे सगळं नंतरचं.
त्या वर्षी गव्हाचं खळं झालं,
उखा आपल्या हिश्श्याच्या पेंढ्या बांधून उभा होता,
वडील मोजत होते.
आई सुपातलं पाखडणं थांबवून म्हणाली,
"उखाले एक पेंढी जास्त द्या."
"का?"
"द्या."
वडिलांनी दिली.
उखाने माझ्याकडे बघितलं नाही. मी बैलाकडे बघत राहिले.