गावभागातल्या वर्गासाठी लाकूड

वालजीभाईंच्या वखारीत मी चपला काढल्या
तेव्हा हमालसुद्धा थांबले.
भुशात पाय, आणि एकेका फळीवर
ता थेई थेई तत्.
टाच सांगेल ते घ्यायचं, असं ठरवून आले होते.
वीस वर्षं फरशीवर नाचवलं,
गुडघ्यांनी त्याचा हिशेब लिहून ठेवलाय.

साग बोलला, पण हातचं राखून.
वर घनफुटाचा भाव ऐकला
आणि दुसऱ्या थप्पीकडे वळले.
शिसवीवर नुसती उभी राहिले,
पाय आपटायचा धीर होईना.
ऐन आडमुठा. टाचेचं टाचेला परत.
किंजळ बरा, पण उन्हाळ्यात
बोट जाईल एवढी फट पाडतो,
रंगराव सुतार म्हणाले,
कानावरच्या पेन्सिलीला हात न लावता.

मग जहाजातून आलेलं मेरबाऊ,
लालसर, गुळगुळीत, पाहुण्यासारखं.
पाय पडला आणि
घुंगरं घरी ठेवलेली असून ऐकू आली.
हेच, म्हटलं.

हॉल कुठंय, वालजीभाईंनी विचारलं.
गावभागात. तळमजला.
ते काही बोलले नाहीत.
ओंजळभर पाणी फळीवर ओतलं
आणि चहा मागवला.
कप रिकामे होईतो पाणी तांबडं,
कुंकू कालवल्यासारखं.

भिंतीवरची रेघ आठवली,
माझ्या खांद्याच्या वर, एकोणीस सालची,
दोनदा रंग दिला तरी उमटणारी.
आमच्याकडे टाचेला नंतर विचारायचं.
आयर्विनला किती फूट, ते आधी.

"चिकटवायचंच नाही," रंगराव म्हणाले.
"पट्ट्यांवर स्क्रू मारू. पाणी चढायला लागलं
की सोडायच्या फळ्या, न्यायच्या वर."

सगळा सौदाच उलटा फिरला.
आता मी पायांनी नाही, हातांनी जोखू लागले:
दहा-दहा वर्षांच्या दोन पोरींना
अठरा पायऱ्या चढवता येईल अशी कुठली?

कोपऱ्यात फणस होता, आजऱ्याकडचा,
हळदीच्या सौद्यातून उठून आल्यासारखा पिवळा.
हलका. बोटांनी वाजवला तर
मृदंगाचा लांबचा भाऊ.
हा रंग टिकत नाही हां, तपकिरी होतो,
वालजीभाईंनी आधीच सांगितलं.
होऊ दे.

एकशे बारा फळ्या.
मागच्या अंगाला आकडे, खिळ्यानं कोरलेले.
शर्वरी आणि तस्लीमला सदुसष्ट आली.
तोडा अजून चुकतो दोघींचा.
पण परवा, आभाळात ढगही नसताना,
सराव म्हणून नेली त्यांनी फळी वर,
वळणावर आधी कोणी वळायचं
यावरून भांडत.