बेरीज जुळली नाही तर

देवगडच्या सड्यावर, कातळ फोडून बसवलेलं आमचं सबस्टेशन.
पावणेतीनला सहा नंबरच्या पॅनेलवर पिवळा दिवा लागला.
लाल नाही. लाल म्हणजे झालंच काहीतरी,
तारेवर माड पडला, ब्रेकर उघडला, अर्धा तालुका काळोखात.
पिवळा म्हणजे एवढंच,
की मला पलीकडचं ऐकू येत नाहीये.

घाटावरच्या टोकाला दुसरा रिले आहे, याचाच जुळा.
केसाएवढ्या काचेतून दोघं बोलत असतात,
डोळ्याचं पातं लवेपर्यंत कितीदा तरी:
माझ्याकडून इतका करंट गेला, तुझ्याकडे किती पोचला?
आणि प्रत्येक निरोपाच्या शेपटीला एक बेरीज.

बेरीज मला नवी नाही.
बाबा जेटीवरून कणकवलीला टेंपो धाडायचे,
ड्रायव्हरच्या खिशात चिठ्ठी:
सुरमई अकरा, पापलेट चाळीस, हलवे नऊ, एकूण साठ.
तिकडे आत्या बर्फात हात घालून मोजायची.
एकोणसाठ भरले तर
मासा वाटेत पडला, की आकडा चुकला,
की पाणी लागून शाई फुटली, तिला काय ठाऊक.
चोर कोण, हे ती विचारायची नाही.
टोपली बाजूला सरकवायची
आणि बूथवरून फोन:
"दादा, तुझो हिशोब लागणा नाय. परत सांग."

रिलेही तेवढंच करतो.
एक निरोप फाटका आला तर टाकून देतो, गवगवा नाही.
दुसरा आला, तरी गप्प.
एका शिंतोड्याला भरती म्हणू नये, हे त्यालाही कळतं.
पण मोजत राहतो.
फाटके मोजतो, न आलेले मोजतो,
आणि हद्द ओलांडली
की आधी आपला हात ट्रिपवरून काढून घेतो,
मग दिवा लावतो.
हा क्रम मला फार आवडतो.
माणसं आधी दिवा लावतात. बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दारात.

फोन लावला. पलीकडे सर्जेराव चौगले,
चार वर्षांची ओळख, चेहरा पाहिलेला नाही.
"काय म्हणतीया तुमची खाडी?"
"खाडी बरी आहे. चॅनल गेलं."
"माझ्याकडं तर समदं हिरवं."

समदं हिरवं.
इथे माझ्या पोटात काहीतरी हललं.

हळूहळू उलगडलं. पावणेतीनला वाट बदलली होती,
मुख्य तंतू सोडून राखीववर,
आणि राखीववर दुपारच्या टेस्टिंगवाल्यांची लूप
तशीच राहिलेली.
त्याचा रिले बोलत होता आणि त्याचंच बोलणं
फिरून त्याच्या कानात पडत होतं.
बेरीज अचूक. अक्षर न् अक्षर बरोबर.
फक्त समोर कुणी नव्हतं.
निरोपावरचा पत्ता वाचायची सोय असते,
ती कुणीतरी चाचणीपुरती बंद केलेली.

रात्रीचा लोड कमी, म्हणून निभावलं.
चारला जेटीकडच्या बर्फ कारखान्यांचे कॉम्प्रेसर सुरू होतात.
मग त्याने आपलाच करंट दुप्पट ऐकला असता
आणि धडधाकट लाईन तोडली असती,
अगदी खात्रीने.

"थांबा," चौगले म्हणाले. रिसिव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज,
चपला, लोखंडी दार, बराच वेळ रातकिडे.
पिवळा गेला. तीन वाजून एकेचाळीस.
"आलं का ओ?"
"कोण बोलतंय?" मी विचारलं.
"आता मी चौगले, दुसरं कोण असणार?"
"काही नाही. पत्ता तपासला."
ते हसले. मलाही हसू आलं, पण उशिरा.

वहीत नोंद केली. चुकांचा आकडा पडद्यावर तसाच होता,
शून्य करायचं बटण त्याच्याच खाली.
दाबलं नाही. सकाळच्या पाळीने बघू दे.

चारला कॉम्प्रेसर लागले.
अँपिअर चढत गेले, चढत गेले,
आणि काहीही झालं नाही.