तांदूळ संपलेत

रात्री दीड वाजता, दोन जाहिरातींच्या मधे,
जुन्या सिनेमांच्या चॅनेलवर माझे वडील येतात.
अकरा सेकंद.
मी मोजलेत.

नाव एलेउतेरियो बाकानी.
श्रेयनामावलीत नाही, शोधू नका.
इलोकोसहून बोटीनं आले, स्टॉकटनच्या शेतांत
पाठ मोडेस्तोवर शतावरी कापली,
मग लॉस एंजेलिसात हॉटेलची भांडी.
कुणीतरी म्हणालं, स्टुडिओच्या फाटकाशी उभा राहा,
दिवसाला पाच डॉलर आणि सँडविच,
तुझा चेहरा चालेल.
कशासाठी चालेल, ते नाही सांगितलं.

त्या एका चेहऱ्यावर ते चिनी धोबी झाले,
जपानी हेर झाले,
एकदा अरब (उंट चावला, व्रण शेवटपर्यंत होता),
तीनदा अपाची, तिन्ही वेळा घोड्यावरून पडून मेले.
फिलिपिनो मात्र एकदाही नाही.
तसलं कुणी असतं
हे पटकथेच्या गावीही नव्हतं.

सगळी सोंगं आणता येतात,
पैशाचं आणता येत नाही.
म्हणून त्यांनी बाकीची सगळी आणली.

या सिनेमात एक बेट आहे, कुठल्याच नकाशात नसलेलं.
बेटावर राजकन्या, ती मिनेसोटाची.
डोळ्यांच्या कडा डिंकानं मागे ओढलेल्या.
दिव्यांच्या धगीनं डिंक सुटायचा,
मग एक डोळा पूर्वेला
आणि एक आपल्या घरी परतलेला.
मधल्या सुट्टीत तिच्यावर छत्री धरायचं काम वडिलांकडे,
रंग वितळू नये म्हणून.
बाई वाईट नव्हती, आई सांगायची.
नाताळात हॅम पाठवला होता तिनं.

आणि वडिलांना त्या सकाळी खुर्चीत बसवून
रंगवणाऱ्यानं हनुवटी धरली, इकडे वळवली, तिकडे वळवली,
म्हणाला, कमी पडतोय.
मग सात नंबरच्या डब्यातला तपकिरी,
मानेपर्यंत.
आईला उशीचा अभ्रा तीनदा उकळावा लागला.

आता बघा. ढोल. मशाली.
डावीकडून तिसरा, भाला उलटा धरलाय, तो.
दिग्दर्शक म्हणाला होता, तुझ्या भाषेत काहीही ओरड,
काहीही, फक्त रागानं.
ते ओरडतात:
अवानेन ति बगास!
आणि खाली पांढऱ्या अक्षरांत उमटतं:
देवाला रक्त हवं.

नाही हो.
तांदूळ संपलेत.
एवढंच म्हणाले ते.
आईनं सकाळी दारात सांगितलं असणार,
विसरू नये म्हणून दिवसभर घोकलं असणार,
आणि राग?
तो काही उसना आणावा लागला नसेल.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ठसका लागेस्तोवर हसले.
नंतर, बऱ्याच दिवसांनी, भांडी विसळताना
हात तसाच नळाखाली राहिला.

नातू म्हणतो, आजी, बंद कर ते,
असले सिनेमे जाळून टाकले पाहिजेत.
खरं आहे त्याचं. मी वाद घालत नाही.
पण वडिलांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.
पत्रं आहेत, ती बोलत नाहीत.
अख्ख्या जगात एवढ्या एकाच जागी ते इलोकानो बोलतात,
दुसऱ्याच रंगात, दुसऱ्याच बेटावर,
खाली भलताच अर्थ घेऊन,
आणि उच्चार मात्र
थेट आमच्या आजोळच्या विहिरीवरचा.

काल रोमेल आला कॉलेजातून,
फडताळ उघडलं, डबा हलवून पाहिला,
आणि तिथूनच ओरडला:
अवानेन ति बगास!
हातात नसलेला भाला उंचावून, उलटा.

आमच्या भाषेतलं त्याला एवढंच एक वाक्य येतं.
मी चपला घातल्या,
पिशवी घेतली.