पस्तीस, बेचाळीस

दापोलीच्या रिपोर्टात पस्तीस टक्के लिहिलंय,
रत्नागिरीच्या रिपोर्टात बेचाळीस.
मध्ये अठरा दिवस आणि एक अमावस्या.
नातू म्हणाला, आजी, पस्तीसला पास असतं,
काठावर, पण पास.
मी विचारलं, मग उरलेले पासष्ट कुठे गेले?
तो दहावीतला. गप्प बसला.

रात्री तीन उशा लावून मी ते पासष्ट शोधते.
पाठ टेकली की छातीत पाणी चढतं,
धक्क्याच्या खालच्या पायरीवर चढतं तसं,
आवाज न करता.
उठून बसते. खिडकीत किल्ल्याचा काळा आकार,
त्याच्या पलीकडे कुणाच्या तरी ट्रॉलरची बत्ती.
मी मोजते: एक श्वास, दोन,
तिसरा आला का?

कागदावर आणखी आकडे आहेत.
तीन इंग्रजी अक्षरांचा एक, चौदाशे होता, नऊशेवर आला.
चांगलं आहे, म्हणाली सिस्टर.
त्याच कागदावर क्रिएटिनिन वाढलेलं.
हे तितकं चांगलं नाही, म्हणाली तीच सिस्टर,
त्याच तोंडानं, त्याच मिनिटाला.
पाण्याची गोळी छातीला सोडवते, मूत्रपिंडाला दुखवते.
म्हणजे एका दोरीवर दोन होड्या:
एक सैल सोडली की दुसरी धक्क्यावर आपटते.

आणि मीठ बंद.
माझं! इंदुमती पावसेचं,
जिनं चाळीस वर्षं बांगडे खारवले,
जिच्या नखांच्या कडा मिठानं फाटल्या,
जिचं लुगडं वाळलं की नुसतं उभं राहायचं.
सून आता वेगळ्या टोपात माझं कालवण काढते.
छान झालंय, मी म्हणते.
ती खाली बघते.

रोज सकाळी, चहाच्या आधी, काट्यावर उभं राहायचं
आणि आकडा वहीत लिहायचा.
तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करा,
डॉक्टर मुकादम म्हणाले,
ते तुमचं अंग नाही, पाणी आहे.
मला हसू आलं.
मासळी भिजवून पाण्याचे पैसे लावणारे
मी कमी पाहिलेले नाहीत.

घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो,
ओहोटीच्या वाळूत टाचेचा पडतो तसा,
आणि तसाच हळूहळू भरतो.
बघत बसते.
काल किती वेळ लागला, आज किती.

परवा दोन्ही कागद मुकादमांच्या टेबलावर ठेवले.
यातला खरा कुठला?
त्यांनी चष्मा काढला.
मशीन वेगळं, माणूस वेगळा, म्हणाले,
हलत्या सावलीवर रेघ मारायची असते,
पाच-सात इकडंतिकडं होणारच.
आणि शंभर कुणाचेच नसतात, मावशी.
माझेसुद्धा साठ असतील.
साठ!
एवढा शिकलेला माणूस, आणि साठ.

येताना बंदरावर लिलाव चालू होता.
मी रिक्षा थांबवायला सांगितली.
म्हाकुळांचा एकच ढीग.
हसीना म्हणाली बारा किलो,
दोरकुळकरांचा विलास म्हणाला पंधरा.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
डोळ्यानं मोजत होते, तेवढंच.
ढीग आपला होता तेवढाच होता, ओला, चकाकत.
मीही जन्मभर असंच मोजलं.
कधी चुकले. पोरं तरी वाढली.
रिक्षावाला म्हणाला, काकी, निघू या?
थांब रे, म्हटलं, भाव ठरू दे.

आज वहीत त्रेपन्न किलो चारशे.
काल त्रेपन्न दोनशे.
दोनशे ग्रॅम म्हणजे काय,
एक मध्यम बांगडा.
फोन नाही करायचा.

अंगणात सुकत घातलेल्या मांदेलीवर कावळा उतरलाय.
सून नळावर गेलीय, हाक पोचायची नाही.
मलाच जायला हवं. दम लागेल,
दाराशी एकदा, पायरीवर एकदा.
उठते.