कुताईसी, नववी ब

गावातल्या नदीचं नाव विचारलं.
ओतिया उठला. "रि... रि..."
मागून गोचा बकरीसारखा, "रिऽऽ"
आणि खिडकीकडची रांग फिदीफिदी.

मी डोळे वटारले.
मग, त्याची सुटका करावी म्हणून
मीच म्हणाले, "रिओनी. हो ना? बस."

गोचाकडे त्याने पाहिलंही नाही.
पाहिलं माझ्याकडे,
हातातोंडाशी आलेला घास
मी उचलून नेल्यासारखं.

आज पुन्हा तोच धडा.
"रि..."
हीटरची नळी टकटकते.
माझ्या जिभेवर सबंध नदी,
उगमापासून समुद्रापर्यंत.
ओठ उघडणार, तोच मागून गोचा:
"बाई, थांबा ना. तो सांगतोय."

पुलाखालून ती केव्हाच पुढे गेलीय.
जाऊ दे.
आम्ही थांबलोय.